तबकडी फिरवायचे पैसे

एक सपाट तबकडी जागच्या जागी गोल फिरवायची, यासाठी माणसाने किती पैसे मोजावेत, हा प्रश्न वरवर पाहता पोरकट वाटतो. कुंभार हे काम हजारो वर्षं करत आला आहे आणि त्याने कधी कुणाला चाकाचं रंगीत माहितीपत्रक दाखवलेलं नाही. पण टर्नटेबलांच्या दुकानात पाऊल टाकलं की या एवढ्याशा कामाचे कुणी सायकलीएवढे पैसे मागतो, कुणी स्कूटरीएवढे, आणि कुणी मोटारीएवढे. हा तिसरा गृहस्थ पैसे मागताना आपल्याकडे दयेने बघतो. अशा वेळी मध्यमवर्गीय माणूस जे करतो तेच मी केलं. ‘त्यातल्या त्यात बरं दाखवा,’ म्हणालो. मराठी माणसाने स्थळं पाहिली, ब्लॉक पाहिले, पडद्यांची कापडं पाहिली, ती सगळी या एका ‘त्यातल्या त्यात’च्या आधारावर.

मला हे यंत्र हवं होतं ते आत्यासाठी. तिचा वाडा पाडून तिथे इमारत व्हायची ठरली आणि आत्या आमच्याकडे राहायला आली. बरोबर एक पायपेटी आणि एक पत्र्याची ट्रंक. ट्रंकेत त्रेपन्न रेकॉर्डी. त्यातल्या एकतीस जुन्या, जाड, ७८च्या, पाटीसारख्या जड आणि पाटीसारख्याच फुटणाऱ्या. उरलेल्या नंतरच्या, लवचीक, मोठ्या. आत्याचं वय शहाऐंशी. ‘मी आहे तोवर ऐकवा म्हणजे झालं,’ असं ती सहज म्हणाली; पण म्हाताऱ्या माणसांची सहज म्हटलेली वाक्यं घरात पाहुण्यासारखी ठाण मांडून बसतात.

मग घरात समिती बसली. पुतण्या म्हणाला, ‘काका, ते छोट्या सूटकेससारखं मिळतं ना, ते घ्या. आत स्पीकरसुद्धा असतो.’ शेजारच्या अप्पांना ध्वनिशास्त्राची आवड. त्यांनी प्राणवायू काढून टाकलेल्या तांब्याच्या तारांवर तासभर व्याख्यान दिलं आणि शेवटी, अलीकडे आपल्याला उजव्या कानाने जरा कमीच येतं, हेही सांगितलं. पत्नी म्हणाली, ‘अहो, आधी ते ठेवणार कुठे, ते ठरवा.’ समितीचा अहवाल हा असा तीन दिशांना गेल्यावर मी माणसांना विचारायचं सोडून इतिहासाला विचारायचं ठरवलं. इतिहासाचा एक गुण म्हणजे त्याला कमिशन नसतं.

या इतिहासाची सुरुवात मोठी गमतीची आहे. एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ काढला, तो नळकांड्यावर. सपाट तबकडीची कल्पना एमिल बर्लिनरची. हा जर्मनीत जन्मलेला आणि अमेरिकेत वॉशिंग्टनला स्थायिक झालेला माणूस. त्याने १८८७ साली ग्रामोफोनचं पेटंट घेतलं. नळकांडी एकेक करून भरावी लागत. तबकडीचा ठसा एकदा केला की पापड लाटावेत तशा हव्या तितक्या तबकड्या दाबून काढता येत. ही सोय आधी कुणाच्या लक्षात आली? संगीतप्रेमी राजे-महाराजांच्या नव्हे. १८९०च्या सुमारास बर्लिनरची यंत्रं बाजारात आणली जर्मनीतल्या कॅमर अँड राइनहार्ट या कंपनीने, आणि ही मंडळी धंद्याने बाहुल्या करणारी! पाच इंची तबकडी, छोटासा कर्णा आणि हाताने फिरवायचा दांडा. म्हणजे ज्या यंत्रावर आज लोक घराचे हप्ते थकवून पैसे उधळतात, ते बाजारात आलं पोरांचं खेळणं म्हणून. ‘एंट्री लेव्हल’ म्हणतात ती हीच. यापेक्षा खाली पायरी नाही.

त्या खेळण्यात एकच दोष होता आणि तो फिरवणाऱ्या हाताचा होता. हात भरभर फिरला की गवई किंचाळे, दमला की रडे. यावर तोड काढली ती कॅमडेन गावच्या एल्ड्रिज जॉन्सन या यंत्रदुरुस्ती करणाऱ्या माणसाने, १८९६ साली. त्याने ग्रामोफोनला चावीची स्प्रिंग बसवली. पण खरी खुबी स्प्रिंगमध्ये नव्हतीच. स्प्रिंग आपल्या सगळ्यांसारखी असते: सकाळी उत्साह, संध्याकाळी मरगळ. खुबी होती ती गव्हर्नरमध्ये. फिरत्या दांडीवर छोटी वजनं असतात. वेग वाढला की ती बाहेर फाकतात आणि एक चकती ओढून ब्रेकच्या गादीवर घासायला लावतात. वेग कमी झाला की मिटतात आणि चकती सुटते. टर्नटेबलाचे पैसे आपण फिरण्याचे देत नाही, एकसारखं फिरण्याचे देतो. ते तेव्हाही तसंच होतं. पुढे १९०१ साली याच जॉन्सनने व्हिक्टर कंपनी उभी केली. १९०६ साली तिने कर्णा पोटात दडवलेलं ‘व्हिक्ट्रोला’ नावाचं कपाट काढलं आणि त्याला दोनशे डॉलर लावले. श्रीमंतांनी ते दिवाणखान्यात मांडलं. पाचच वर्षांनी, १९११ साली, त्याच कंपनीने पंधरा डॉलरचं छोटं व्हिक्ट्रोला काढलं. ते पाहून दोनशेवाल्यांनी नाकं मुरडली असतील, यात मला शंका नाही.

आता जरा लाखेकडे वळू. ७८च्या रेकॉर्डी कशाच्या असत? लाखेच्या. सुतार पॉलिशला वापरतो तो चपडा, त्यात दगडाची पूड आणि काजळी. लाख म्हणजे आपल्याकडच्या पळस, कुसुम, बोर असल्या झाडांवरच्या किड्यांची पुण्याई. तेव्हा कुठल्याही देशातलं कुठल्याही भाषेतलं गाणं असो, ते बहुधा आपल्या पूर्वेकडच्या रानातल्या किड्यांच्या पाठीवर बसून फिरत होतं. लाखमोलाचं गाणं हा शब्द आमच्या ट्रंकेपुरता तरी शब्दशः खरा आहे.

त्यातली दगडाची पूड कशासाठी? तर सुई घासण्यासाठी. हे वाचलं तेव्हा मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. पोलादी सुई रेकॉर्डीवर टेकली की पहिल्या काही फेऱ्यांतच पूड तिला खाचेच्या आकाराची घासून घेई. साउंडबॉक्सचा भार शंभर ग्रॅमहून जास्त. एक बाजू वाजली, तीन-साडेतीन मिनिटं झाली, की सुई कामातून गेली. ती टाकायची आणि नवी लावायची. म्हणून तर त्या पत्र्याच्या सुबक डब्या, एकेकीत दोनशे सुया. रेकॉर्डही झिजेच, पण व्यवस्था अशी होती की मरायचं ते सुईने. आत्या सांगते, तिच्या वडिलांचा दंडक होता: गाणं संपलं की आधी सुई बदलायची, मग वाहवा करायची. पुढे हिऱ्याच्या आणि नीलमण्याच्या सुया आल्या, त्या सहजी झिजत नाहीत. म्हणजे आता कोण झिजणार, ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

हिंदुस्थानात ही विद्या आली १९०२ साली. फ्रेड गायसबर्ग ध्वनिमुद्रणाचं सामान घेऊन कलकत्त्याला उतरला आणि गौहरजानने गाऊन, शेवटी आपलं नाव चक्क इंग्रजीत सांगितलं. कारण रेकॉर्डी दाबायच्या होत्या जर्मनीत, हानोव्हरला. तिथल्या कारागिरांना लेबल कुठलं लावायचं ते कळायला नको? १९०८ साली कलकत्त्यातच कारखाना निघाला. पण या जुन्या रेकॉर्डींची एक मेख आहे. नाव ७८चं, पण सगळ्याच काही मिनिटाला ७८ फेऱ्यांनी भरलेल्या नसत. कुठली जरा हळू, कुठली जरा जलद. विजेची मुद्रणयंत्रं आल्यावर, १९२५ नंतर कुठे शिस्त लागली. आता वेग साधारण सहा टक्क्यांनी चुकला की गाणं बरोबर अर्ध्या स्वराने सरकतं. काळी चारमध्ये गाणारा माणूस पांढरी पाचमध्ये गाऊ लागतो आणि आपण म्हणतो, ‘काय गंभीर आवाज आहे हो!’ जुन्या गायकांबद्दलची निम्मी अधिक रसाळ मतं गव्हर्नरच्या गादीला तेल न घातल्यामुळे तयार झाली असावीत, असा माझा संशय आहे.

मग १९४८ उजाडलं. कोलंबिया कंपनीने अमेरिकेत लाँग प्लेइंग रेकॉर्ड काढली. व्हिनाइलची, मिनिटाला तेहेतीस आणि एक तृतीयांश फेऱ्या, एका बाजूला वीस मिनिटांच्या वर गाणं. (ती एक तृतीयांश फेरी कुणाच्या हट्टापायी आली, असं पूर्वी मला वाटे, तो सगळा दातेरी चाकांचा हिशेब आहे.) पण ही वाजवायची कशावर? घरोघर तर ७८ची यंत्रं. तेव्हा फिल्को कंपनीकडून रेडिओला जोडायचा एक साधा प्लेअर करून घेतला, किंमत २९ डॉलर ९५ सेंट. पुढच्याच वर्षी आर.सी.ए.ने खुन्नस म्हणून ४५ फेऱ्यांची छोटी रेकॉर्ड आणि तिचा वेगळा प्लेअर काढला. दोन बड्यांच्या या भांडणात गिऱ्हाइकाचं चिपाड झालं. शेवटी प्लेअरवाल्यांनीच पडतं घेतलं आणि एकाच यंत्रात सगळे वेग घातले. पन्नास-साठच्या दशकांतल्या पुष्कळ स्वस्त प्लेअरांना चार वेग असत: १६, ३३, ४५ आणि ७८. त्यातला १६ कशाला असतो, हे आमच्या ओळखीत कुणालाच सांगता येत नसे. बाहेरगावच्या घराच्या चौथ्या खोलीसारखा तो नुसता असायचा.

वेगाइतकीच सुई महत्त्वाची. ७८च्या खाचेला सुमारे तीन हजारांश इंच टोकाची सुई लागते, एल.पी.ला एक हजारांश किंवा त्याहून बारीक. बारीक सुई जुन्या रेकॉर्डीत घातली तर ती हौदात पडलेल्या चमच्यासारखी तळाशी खडखडत राहते. जाड सुई एल.पी.वर घातली तर बोळातून बैलगाडी नेल्यासारखं होतं. म्हणून त्या काळच्या प्लेअरांच्या हाताला टोकाशी एक इवलीशी कळ असे. ती फिरवली की सुई पालटायची. घरातली निम्मी भांडणं ती कळ कुणी फिरवली नाही यावरून होत.

आपल्याकडे हे सगळं मध्यमवर्गाच्या घरात आलं ते एच.एम.व्ही.च्या ‘फिएस्टा’ आणि ‘कॅलिप्सो’ या नावांनी. झाकण उघडायचं, रेकॉर्ड ठेवायची, वर क्रोशाचं झाकण असेल तर ते आधी काढायचं. ‘शोले’चे संवाद तोंडपाठ झालेली पिढी याच यंत्रांवर वाढली. आणि सुई उडायला लागली की यावर सर्वमान्य इलाज एकच होता: हातावर चार आण्याचं नाणं ठेवणं! नाण्याचं वजन अडीच ग्रॅम. हल्लीच्या चांगल्या पिकअपचा एकूण भार दोन ग्रॅमच्या आसपास असतो, म्हणजे आपण एकाच्या जागी दोन सुया दाबून बसवत होतो. खाचांच्या भिंती घासून गुळगुळीत होत आणि आपण म्हणत असू, ‘बघ, आता कशी सरळ चालली!’ रिझर्व्ह बँकेने २०११ साली चार आणे चलनातून काढले. कारणं वेगळी होती, पण रेकॉर्डींचे आशीर्वाद तिला मिळाले असतील.

स्वस्त म्हणजे वाईटच, असं मात्र कुणी समजू नये, कारण १९६१ साली एडगर विल्चर नावाच्या माणसाने याला छान उत्तर दिलं. तोवर बहुतेक यंत्रांत मोटर एक रबरी चाक फिरवी आणि ते चाक तबकडीला आतून घासून फिरवी. मोटरची सगळी थरथर त्यातून गाण्यात येई. यंत्र वापराविना पडलं तर रबराला दबून खड्डा पडे आणि मग भैरवीलाही घोड्याच्या टापांची साथ. श्रीमंत लोक यावर उपाय म्हणून यंत्र अधिकाधिक जड करत. विल्चरच्या ए.आर. कंपनीने उलट केलं. घड्याळात शोभेल एवढीशी मोटर घेतली, ती एका रबरी पट्ट्याने तबकडीला जोडली, आणि तबकडी व हात मिळून एका स्प्रिंगांवरच्या पाळण्यात टांगले. यंत्राच्या चौकटीवर हातोडी मारली तरी सुई हलत नसे. किंमत अठ्ठावन्न डॉलर. महागड्या यंत्रांना तोंडात बोट घालायला लावणारी ही करामत, आणि दिसायला अगदी बापुडवाणी. माझं या माणसावर प्रेम बसलं. फक्त एक गोष्ट: या यंत्राला ७८चा वेग नव्हता. जुन्या रेकॉर्डींना दार बंद व्हायला सुरुवात झाली ती अशी, चांगल्या माणसांच्या हातून.

पुढचं भरभर सांगतो. १९७२ साली जपानच्या टेक्निक्सने एस.एल.१२०० काढलं. त्यात पट्टाच नाही, तबकडी थेट मोटरवर. ते केलं होतं घरात बसून ऐकणाऱ्यांसाठी; पण ते उचललं नाचगाण्याच्या अड्ड्यांवरच्या पोरांनी. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातली मुलं तर चालू रेकॉर्ड हाताने मागेपुढे ओढून त्यातूनच नवं संगीत काढू लागली होती. हे आमच्या घरी केलं असतं तर संगीत निघालंच असतं, पण आमच्या तोंडून. या पोरांच्या सोयीसाठी १९७९ सालच्या सुधारित १२००वर वेग कमीजास्त करायची एक लांब सरकपट्टी आली. तिची आठवण ठेवा. तिकडे इंग्लंडात १९७३ साली सुरू झालेल्या रेगा कंपनीने सगळी आभूषणं उतरवून हलकी, साधी यंत्रं केली. वेग बदलायचा तर तबकडी उचलून पट्टा हाताने खालच्या खाचेत घालायचा. मला हा साधेपणा पटतो, पण शहाऐंशीच्या आत्याला तो रोज करायला लावणं पटत नाही.

१९८२ साली सी.डी. आली आणि लोकांनी टर्नटेबलं माळ्यावर टाकली. चेकोस्लोव्हाकियात लितोवेल नावाच्या गावी टेस्ला या सरकारी कंपनीचा कारखाना होता, तिथे टर्नटेबलं होत. राजवट बदलली, गिऱ्हाईक गेलं, आता हे असलं यंत्र घेणार कोण? तेव्हा व्हिएन्नाचा हाइन्झ लिख्टेनेगर त्यांच्याकडे गेला आणि १९९१ साली ‘प्रो-जेक्ट’ या नावाने तीच मंडळी स्वस्त आणि चांगली टर्नटेबलं करू लागली. १९९९ साली आलेलं त्यांचं ‘डेब्यू’ म्हणजे साध्या माणसाचा पहिला प्लेअर. सगळं जग जे फेकून देत होतं, तेच हे लोक शांतपणे करत बसले. २०२२ साली अमेरिकेत सी.डी.पेक्षा व्हिनाइलच्या रेकॉर्डी जास्त विकल्या गेल्या, १९८७ नंतर पहिल्यांदा. लितोवेलचे कारागीर तेव्हा एकमेकांकडे बघून हसले असतील.

या सगळ्यात मला सर्वांत धीर दिला तो मात्र केसरबाई केरकरांनी. गोव्यातल्या केरी गावच्या या मानी गायिकेची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या बारा इंची रेकॉर्डीवर. बरोबर काय दिलं? पिकअप आणि सुई. शिवाय कसं वाजवायचं त्याची चित्रं. टर्नटेबल दिलं नाही! म्हणजे उद्या परग्रहावरच्या कुणा सज्जनाला ती सापडली, तर त्यालाही आधी दुकानात जाऊन ‘त्यातल्या त्यात बरं’ मागणं आलं. आणि वेग? सोळा आणि दोन तृतीयांश. सगळी भारी यंत्रं तिथे निरुपयोगी. आपल्या चार वेगांच्या स्वस्त प्लेअरची ती चौथी खोली कुणासाठी राखली होती, ते मला तेव्हा कळलं. त्यातलं दुसरं यान निघालं ५ सप्टेंबरला, आणि त्याच महिन्याच्या १६ तारखेला केसरबाई गेल्या.

तर निवड. पुतण्याची सूटकेस बाद झाली. असल्या पुष्कळ प्लेअरांत पाच-सहा ग्रॅमचा भार असतो आणि तो कमी करायची सोय नसते, म्हणजे चार आणे कायमचे चिकटवलेले. असला प्लेअर उरलेली किंमत रेकॉर्डींकडून हप्त्याहप्त्याने वसूल करतो, आणि आत्याच्या एकतीस रेकॉर्डींतल्या काही मला पुन्हा कुठे मिळणार नाहीत. रेगा, प्रो-जेक्ट मनाला भावले, फक्त एल.पी. असत्या तर मी डोळे मिटून त्यांतलंच एक घेतलं असतं. ७८साठी रेगाने वेगळं यंत्र काढलं होतं आणि प्रो-जेक्टच्या काही मॉडेलांत निराळा पट्टा मिळतो, पण रोजची पट्ट्यांची अदलाबदल आत्याच्या वयाला सोसणारी नाही. शेवटी ऑडिओ-टेक्निकाचं एल.पी.१२० घेतलं. १९६२ साली तोक्योत निघालेली ही कंपनी मुळात पिकअप आणि सुया करणारी, आणि सुईवाल्यांवर माझा आता विश्वास बसला होता. त्याचा तोंडवळा थेट टेक्निक्सच्या १२००चा. ३३, ४५, ७८ तिन्ही वेग, मागे भार मोजून लावायचं वजन, आणि ७८ची जाड सुई वेगळी विकत घेऊन दोन बोटांनी पालटता येते. फोनोचा वाढीव ॲम्प्लिफायर आतच असल्यामुळे अप्पांच्या तारांचा प्रश्नही निकालात निघाला. अप्पा थोडे नाराज झाले.

पहिल्या दिवशी आत्याने ट्रंकेतून एका जुन्या नाटकातल्या पदाची रेकॉर्ड काढली आणि पदराने पुसली. ७८ची सुई लावली, सुईच्या कागदावर लिहिलेला भार मोजून दिला, वेग ७८ केला. पद सुरू झालं. दोन ओळी झाल्या आणि आत्याने मान हलवली.

‘हे या पट्टीत नाही. त्यांचा आवाज एवढा खाली नव्हता.’

‘अगं, ७८वरच आहे.’

‘असेल. मी ऐकलंय त्यांना,’ आत्या म्हणाली आणि पायपेटीपाशी जाऊन बसली. भाता हलवून तिने एक स्वर धरला आणि माझ्याकडे न बघता नुसती हाताने खूण केली.

यंत्राच्या उजव्या बाजूला ती ब्राँक्सच्या पोरांची सरकपट्टी होती. आठ टक्के इकडे, आठ टक्के तिकडे. मी ती केसाकेसाने पुढे सरकवू लागलो. गवई हळूहळू वर चढू लागले, पेटीच्या जवळ आले, थोडे पुढे गेले, परत मागे आले. पुतण्या दारात उभा राहून बघत होता.

‘थांब,’ आत्या म्हणाली. ‘आता हात लावू नकोस.’